चौऱ्याऐंशी बोल्ट

विमानाच्या समोरची काच बदलणे हे देखभाल विभागात फार मोठे काम मानले जात नाही. नव्वद बोल्ट काढायचे, जुनी काच उतरवायची, नवी चढवायची आणि नव्वद बोल्ट पुन्हा आवळायचे. ब्रिटिश एअरवेजच्या बर्मिंगहॅम तळावर ८ आणि ९ जून १९९० च्या मधल्या रात्री हे काम निघाले, तेव्हा पाळीवर माणसे कमी होती. म्हणून रात्रपाळीच्या प्रमुखाने ते स्वतःच्या अंगावर घेतले. पाच आठवड्यांनंतरची त्याची ही पहिलीच रात्रपाळी. बीएसी वन-इलेव्हन जातीच्या जेट विमानाची डावी, म्हणजे कॅप्टनसमोरची काच बदलायची होती. सकाळी साडेसहाला विमान धुणारी माणसे येणार होती आणि त्याआधी विमान त्यांच्यासाठी मोकळे करून द्यायचे होते.

पहाटे तीनच्या सुमारास त्याने कामाला हात घातला. मॅन्युअल उघडून काम सरळ आहे ना, एवढे पाहून घेतले. काढलेल्या जुन्या बोल्टांपैकी काही रंगाने माखलेले होते, काही खराब झालेले. नवेच लावावेत असे त्याने ठरवले. हा निर्णय योग्य होता. अंगचोर माणसाने जुनेच पुन्हा ठोकले असते. नेमका कुठला बोल्ट लागतो हे सुट्या भागांच्या सचित्र सूचीत लिहिलेले असते. हँगरमध्ये तिला आयपीसी म्हणतात. ती त्याने उघडली नाही. नमुना तर हातातच होता. स्टोअरमधल्या बोल्टांशी ताडून त्याने तो ए२११-७डी असल्याचे ओळखले आणि ते अगदी बरोबर ओळखले.

घरचा नळ गळायला लागला की आपण जुना वायसर खिशात टाकून हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि ‘असाच द्या’ म्हणतो. त्या रात्री त्याने तेच केले.

स्टोअरमध्ये अनेक वर्षांचा अनुभव असलेला भांडारप्रमुख होता. त्याने सांगितले, या काचेला ८डी लागतात. पाळीप्रमुखाने ऐकून घेतले, पण विमानातून निघालेले बोल्ट ७डी होते, तेव्हा लावायचेही तेच, यावर तो ठाम राहिला. त्याच्या हातात पुरावा होता आणि भांडारप्रमुखाकडे केवळ आठवण. रात्रपाळीवर त्याच्या वर कोणी नव्हते, त्यामुळे बोलणे तिथेच संपले. प्रत्यक्षात भांडारप्रमुखाचे म्हणणे खरे होते. मागच्या वेळी, चार वर्षांपूर्वी, ती काच बसवताना कोणीतरी बहुतेक बोल्ट आखूड लावले होते. लांबीला एक दशांश इंच कमी, पण जाडीला बरोबर. त्यांनी चार वर्षे काच धरून ठेवली. इतकी वर्षे कोणाच्या नजरेत न आलेली ती चूक आता नमुना म्हणून पुढे आली होती.

स्टोअरमध्ये ७डी चार-पाचच निघाले. साठा संपत आला की नवा मागवायचा असा नियम होता, पण तसे झालेले नव्हते. मग तो गाडी काढून टर्मिनलच्या आंतरराष्ट्रीय पिअरखाली ठेवलेल्या दुसऱ्या साठ्याकडे गेला. तिथे भांडारपाल नसे. उजेड जेमतेम, खणांवरच्या चिठ्ठ्या पुसट झालेल्या, काही खणांवर तर चिठ्ठीच नाही. जुना बोल्ट एका हातात, खणातला दुसऱ्या हातात, असे डोळ्यांनी आणि बोटांनी ताडून त्याने ८४ बोल्ट घेतले. त्याला वाचायचा चष्मा होता, पण काम करताना तो चष्मा लावत नसे.

घेतलेले बोल्ट ए२११-८सी होते. हव्या त्या बोल्टापेक्षा व्यासाने ०.०२६ इंच बारीक. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर एका मिलिमीटरचा दोन-तृतीयांश भाग. आट्यांची संख्या मात्र दोन्हींत तीच, इंचाला ३२. म्हणून बारीक बोल्टसुद्धा जाड बोल्टाच्या नटात शिरतो आणि फिरत जातो. शेवटी तो घट्ट झाल्यासारखाही वाटतो.

घट्टपणा मोजायला त्याच्याकडे ठरावीक जोरानंतर ‘टक्’ करून सुटणारा स्क्रूड्रायव्हर होता. तो नीट मापात आहे की नाही याची नोंद ठेवली जात नव्हती, तरी त्याने स्टोअरमध्ये तो लावून घेतला. विमानाच्या नाकाशी उभी केलेली शिडी नीट जागेवर नव्हती, त्यामुळे अंग ताणून, ओणवे होऊन काम करावे लागत होते. स्क्रूड्रायव्हरचे टोक सारखे निसटत होते म्हणून दुसऱ्या हाताने धरावे लागे आणि तोच हात बोल्टाचे डोके झाकून टाकी. बारीक बोल्टाचे डोकेही लहान असते, काचेच्या चौकटीतल्या खोबणीत ते अंमळ खोल जाऊन बसते. समोरून सरळ नजर पडती तर ते कदाचित दिसले असते. प्रत्येक बोल्टागणिक ‘टक्’ आवाज येत होता, आणि आटे नटात घसरत होते. त्या घसरण्याची जाणीव आणि स्क्रूड्रायव्हर सुटण्याची जाणीव, दोन्ही हाताला सारख्याच लागल्या.

काम पूर्ण झाले. केलेल्या कामावर सही त्यानेच केली. काच बदलणे हे दुसऱ्या माणसाने तपासलेच पाहिजे अशा कामांच्या यादीत नव्हते. केबिनमध्ये हवा भरून दाब धरतो का हे पाहण्याचीही सक्ती नव्हती.

सत्तावीस तासांनी, रविवारी १० जूनला सकाळी ८ वाजून २० मिनिटांनी ते विमान ८१ प्रवासी आणि ६ कर्मचारी घेऊन स्पेनमधल्या मालागाकडे निघाले. कॅप्टन टिम लँकेस्टर, सहवैमानिक अॅलिस्टेअर अॅचिसन. तेरा मिनिटांनी विमान ऑक्सफर्डशायरमधल्या डिडकॉटच्या वर १७,३०० फुटांवर होते. उड्डाणाच्या सुरुवातीचा ताण संपला म्हणून लँकेस्टर यांनी खांद्यांचे पट्टे सोडले होते, कमरेचा सैल केला होता. केबिन क्रूपैकी नायजेल ऑग्डेन नुकतेच कॉकपिटमध्ये आले होते. स्फोटासारखा आवाज झाला, केबिनभर पांढरे धुके पसरले आणि कॅप्टनसमोरची काच नाहीशी झाली. त्याबरोबर कॅप्टनही खुर्चीतून उपसले जाऊन कमरेपर्यंत बाहेर गेले. पाय कंट्रोल कॉलमपाशी अडकले, म्हणून तेवढे आत राहिले. ऑग्डेन यांनी झेप घेऊन त्यांची कंबर पकडली.

या विमानाची काच बाहेरच्या बाजूने बसवलेली असते, हे इथे सांगायला हवे. काच आतून बसवली तर केबिनमधल्या हवेचा दाब तिला चौकटीत आणखी घट्ट दाबतो. बाहेरून बसवली तर तोच दाब तिला बाहेर ढकलत राहतो आणि सगळा भार बोल्टांवर येतो. विमान जसजसे वर चढत गेले तसतशी आतल्या आणि बाहेरच्या दाबातली तफावत वाढत गेली, आणि १७,३०० फुटांवर बारीक बोल्टांनी हार मानली. काच आणि बरेचसे बोल्ट नंतर चोल्सी गावाजवळ सापडले.

कॉकपिटचे दार तुटून आत आले होते आणि वैमानिकांच्या मधल्या कन्सोलवर अडकले होते. स्वयंचलित चालक सुटला होता. वाऱ्याच्या आवाजात रेडिओवरचे काही ऐकू येत नव्हते. ऑग्डेन यांचे हात गोठू लागले, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे होऊन कॅप्टनचे पाय धरले. बाजूच्या काचेवर बाहेरून कॅप्टनचे डोके आपटत होते, डोळे उघडे पण निर्जीव दिसत होते. सगळ्यांची समजूत झाली की ते गेले. तरी अॅचिसन यांनी सोडू नका असे सांगितले. सुटलेला देह पंखावर किंवा मागच्या इंजिनात जाऊन आदळला असता. अॅचिसन यांनी एकट्याने विमान खाली आणले, साउथॅम्प्टनच्या ओळख नसलेल्या धावपट्टीवर ८ वाजून ५५ मिनिटांनी उतरवले. लँकेस्टर जिवंत होते. हाताची आणि मनगटाची हाडे मोडलेली, अंगाला हिमदाह, शिवाय धक्का. पाच महिन्यांच्या आत ते पुन्हा विमान चालवू लागले. ऑग्डेन यांचा खांदा निखळला होता. बाकी विमानातल्या कोणाला गंभीर इजा झाली नाही.

ही घटना बहुतेकांना माहीत आहे ती इथपर्यंतच. कॅप्टनचे पाय धरून बसलेल्या माणसांची गोष्ट आहेच तशी, आणि ती सांगायलाच हवी. पण ब्रिटनच्या हवाई अपघात तपास शाखेने १९९२ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केलेला अहवाल वाचताना मला जास्त अस्वस्थ केले ते रात्रपाळीच्या त्या प्रमुखाने. अहवालाने त्याच्या कामाच्या पद्धतीवर कडक शब्दांत ताशेरे ओढले: अपुरी काळजी, चुकीच्या सवयी, अयोग्य साधने, कंपनीच्या निकषांकडे दुर्लक्ष. स्थानिक व्यवस्थापनाच्या तपासण्यांतही या सवयी कधी पकडल्या गेल्या नव्हत्या, हेही नोंदवले. पण तपासात सहभागी झालेल्या मानसशास्त्रज्ञाने त्याच्याशी बोलल्यावर जे चित्र उभे राहिले ते बेफिकीर माणसाचे नव्हते. तो कामसू आणि पद्धतशीर होता, सहकाऱ्यांचा त्याच्यावर विश्वास होता. आपला अनुभव वापरून अडचणीतून वाट काढणे हाच इंजिनिअरचा धर्म, असे तो मनापासून मानत होता.

त्या रात्री त्याने केलेली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर तिचे कौतुक व्हावे. माणूस नाही तर स्वतः केले. जुना बोल्ट खराब दिसला तर बदलला. साठा संपला तर पहाटे गाडी काढून दुसरीकडून आणला. सकाळच्या माणसांचा खोळंबा होऊ दिला नाही. आपण ज्या माणसाला ‘काम अडू देत नाही’ म्हणून शाबासकी देतो तो हाच. माझा आक्षेप त्या शाबासकीला आहे. विमान वेळेवर बाहेर काढणाऱ्याचे नाव वर्षानुवर्षे घेतले जाते. बोल्ट चुकीचा आहे म्हणून विमान अडवणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही, कारण त्याने टाळलेला अपघात कोणाला दिसतच नाही. एकाच तळावर वर्षानुवर्षे असे चालले की मॅन्युअल आणि सूची हळूहळू नवख्यांची पुस्तके होतात आणि अनुभवी माणसाला ती उघडायची लाज वाटू लागते.

अहवालाने आठ शिफारशी केल्या. स्वतःच्या कामावर स्वतःच सही करण्याची पद्धत पुन्हा तपासा, हे त्यात होते. चष्मा लागणाऱ्या इंजिनिअरांनी काम करताना तो वापरला पाहिजे, याचा विचार व्हावा, हेही होते. इतक्या मोठ्या चौकशीच्या शेवटी चष्म्याची शिफारस यावी, याचे मला फार मोल वाटते. माणसाचे वय वाढते, चाळिशी लागते, पहाटे तीनला नजर मंदावते. ही सर्वसामान्य शरीराची गोष्ट आहे आणि अहवालाने ती तशीच, कोणाला न हिणवता लिहिली. पुढे १९९३ मध्ये कॅनडाच्या परिवहन खात्यात काम करणाऱ्या गॉर्डन ड्युपाँट यांनी देखभालीतल्या चुकांमागची बारा कारणे मांडली. थकवा, घाई, अतिविश्वास, संवादाचा अभाव, ‘सगळे असेच करतात’ ही सवय, अशी ती यादी. तिची पोस्टरे आज जगभरच्या हँगरांत भिंतींवर असतात. बर्मिंगहॅमच्या त्या एका रात्रीत त्यातली निम्मी तरी सापडतील.

चुकीचा भाग म्हटला की अनेकांना आधी बनावट माल आठवतो. तोही आहेच. ८ सप्टेंबर १९८९ रोजी नॉर्वेच्या पार्टनेअर कंपनीचे कॉन्व्हेअर ५८० विमान ऑस्लोहून हँबर्गला जाताना डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. त्यातले सर्व ५५ जण गेले. प्रवासी एका जहाज कंपनीचे कर्मचारी होते, नव्या जहाजाच्या नामकरणाला निघालेले. शेपटीचा उभा पंख धडाला जोडणाऱ्या भागांत निकृष्ट, बनावट बोल्ट होते, ते झिजले आणि शेपूट थरथरत सुटली. अलीकडे २०२३ मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्स या छोट्या कंपनीने सीएफएम५६ इंजिनांचे भाग खोट्या प्रमाणपत्रांसह विकल्याचे उघड झाले आणि जगभरातल्या विमान कंपन्यांना शंभराहून अधिक इंजिने शोधून उघडावी लागली. सीएफएम५६ हे बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० या घराण्यांतल्या हजारो विमानांना बसणारे इंजिन, त्यामुळे त्या बातमीने देखभालीच्या धंद्यातल्या सगळ्यांचीच झोप उडाली. विमानाच्या सुट्या भागाला त्याच्या कागदाशिवाय किंमत नाही. तो कुठे घडला, कोणी तपासला, किती तास उडाला, हे कागद सांगतो. कागद खोटा निघाला की हातात उरतो तो नुसता धातूचा तुकडा. पण खोट्या कागदामागे एक लबाड माणूस असतो आणि त्याला पकडता येते. मला जास्त भीती वाटते ती खरा भाग, खरा कागद आणि प्रामाणिक माणूस एकत्र येऊन झालेल्या चुकीची.

एअर ट्रान्सॅट या कॅनडाच्या कंपनीची गोष्ट त्यातलीच. २००१ च्या ऑगस्टमध्ये तिच्या एका एअरबस ए३३० चे उजवे इंजिन बदलायचे होते. बदली म्हणून आणलेले रोल्स-रॉइसचे इंजिन उसने होते, कॅनडातल्या मिराबेलला कंपनीकडे ठेवलेले. ते जुन्या बनावटीचे होते आणि त्यावर हायड्रॉलिक पंप नव्हता. काढलेल्या इंजिनावरचा पंप नव्या बनावटीचा. तो बसवायला गेले तर इंधनाची नळी आडवी येऊ लागली. प्रमुख तंत्रज्ञाला कळले की या बदलासंबंधी एक सर्व्हिस बुलेटिन आहे, पंप नवा असेल तर कोणकोणत्या नळ्या नव्या हव्यात ते त्यात लिहिलेले असणार. पण संगणकाच्या जाळ्यातून ते बुलेटिन त्याला उघडता येईना. मुख्यालयाशी फोनवर बोलणे झाले. इंधनाची नळी काढलेल्या इंजिनावरची, म्हणजे नव्या बनावटीची घ्यायची, एवढे ठरले. हायड्रॉलिकची नळी मात्र जुनीच राहिली. दोन्ही नळ्या एकमेकींना खेटत होत्या. हायड्रॉलिकची नळी हाताने थोडी बाजूला ओढून धरली आणि नट आवळला, तेव्हा फट दिसू लागली. फट दिसली म्हणून काम पक्के समजले गेले. नळीत दाब आला की ती परत आपल्या जागी येते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

काही दिवसांनी, २४ ऑगस्टला, टोरोंटोहून लिस्बनला निघालेल्या त्याच विमानात ३०६ माणसे होती. अटलांटिकवर नळी नळीला घासत राहिली आणि शेवटी इंधनाची नळी फाटली. एका बाजूच्या टाकीत इंधन कमी दिसू लागल्यावर वैमानिकांना ते संगणकाचे चुकीचे सांगणे वाटले आणि दुसऱ्या बाजूचे इंधन त्यांनी त्याच बाजूला सोडले. तेही गळून गेले. आधी उजवे इंजिन बंद पडले, तेरा मिनिटांनी डावे. कॅप्टन रॉबेर पिशे आणि सहवैमानिक डर्क डी येगर यांनी इंजिनांशिवाय एकोणीस मिनिटे, साधारण १२० किलोमीटर विमान तरंगत नेले आणि अझोर्स बेटांवरच्या लाजेसच्या हवाई तळावर उतरवले. टायर फुटले, अठरा जणांना इजा झाली, पण कोणी दगावले नाही. प्रवासी विमानाने इंजिनांशिवाय कापलेले हे सर्वांत मोठे अंतर मानले जाते. कंपनीला अडीच लाख कॅनेडियन डॉलरचा दंड झाला.

इथेही प्रमुख तंत्रज्ञाला शंका आली होती, आणि ती रास्त होती. त्याने योग्य कागद शोधला. कागद उघडेना, तेव्हा काम थांबवून तो येईपर्यंत वाट पाहायची की पुढे जायचे, एवढाच प्रश्न उरला होता. विमान उड्डाणाच्या वेळापत्रकात बसवलेले होते. त्या फोनवर ‘कागद मिळेपर्यंत हात लावू नका’ असे कोणी म्हणाले असते, तर दुसऱ्या दिवशी काहीशे प्रवासी टर्मिनलवर चिडले असते, एवढेच.

आणि ते चिडणारे लोक आपणच असतो. मुंबईच्या टर्मिनलवर ‘तांत्रिक कारणामुळे उड्डाणाला विलंब’ अशी घोषणा झाली की काउंटरवरच्या मुलीवर आवाज चढवणाऱ्यांत मराठी आवाज काही कमी नसतात. त्याच वेळी धावपट्टीच्या पलीकडे, कलिनाच्या बाजूच्या हँगरांत, विमानावर सही करायची की नाही हे ठरवणारे परवानाधारक इंजिनिअर असतात आणि त्यांच्यातही मराठी घरांतली माणसे असतात. डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना असलेला हा इंजिनिअर काम संपले की विमान उडण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र देतो. ती सही त्याची वैयक्तिक असते. नागपूरला मिहानमध्ये बोइंगने बांधलेले आणि २०१५ मध्ये एअर इंडियाच्या तेव्हाच्या अभियांत्रिकी कंपनीच्या हातात गेलेले देखभाल केंद्र आहे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये लढाऊ विमानांचे कसून ओव्हरहॉल होते. महाराष्ट्रात हा उद्योग वाढावा असे आपण सगळेच म्हणतो. तो वाढेल तेव्हा हँगरच्या छपरांइतकाच स्टोअरच्या खणांवरच्या दिव्यांचा, चिठ्ठ्यांचा आणि भांडारपालाच्या अधिकाराचा हिशेब कोणी मागणार का? बर्मिंगहॅमच्या भांडारप्रमुखाला बरोबर बोल्ट सांगता आला, पण चुकीचा बोल्ट द्यायला नकार देण्याचा त्याला अधिकार नव्हता. पहाटे तीनला वरिष्ठाला ‘नाही’ म्हणणाऱ्या कनिष्ठाच्या पाठीशी दुसऱ्या दिवशी सकाळी कोण उभे राहते, यावर बरेच काही ठरते. आपल्याकडे तर वयाचा आणि हुद्द्याचा मान ठेवायला लहानपणापासून शिकवतात. ‘साहेब, सूचीत पाहून सांगतो’ एवढे म्हणायलाही धीर लागतो.

तरीही मला वाटते, धीरावर आणि चष्म्यावर सगळा भार टाकून चालणार नाही. याचे उदाहरण ट्यूनिशियाचे आहे.

ट्यूनिंटर ही ट्यूनिसची कंपनी एटीआर ४२ आणि एटीआर ७२ अशी दोन्ही पंख्यांची विमाने चालवत असे. एकाच कारखान्यातली ही भावंडे, ७२ हे लांब केलेले ४२ च. ५ ऑगस्ट २००५ ला एका ७२ च्या कॅप्टनने इंधनमापकाचा दर्शक नीट दिसत नाही अशी नोंद केली. रात्री तंत्रज्ञाने तो दर्शक बदलला. स्टोअरच्या संगणकाने जो भाग चालेल म्हणून दाखवला, तो एटीआर ४२ चा होता. दोन्ही दर्शक सारख्याच आकाराचे, मागचा प्लगही तोच. तोंडावर प्रत्येक टाकीची कमाल क्षमता छापलेली असते, ७२ च्या दर्शकावर २,५०० किलो आणि ४२ च्या दर्शकावर २,२५०. दोन अंकांचा हा फरक सोडला तर ओळखायला काही खूण नाही. तो खोबणीत नीट बसला, वीज लागली, आकडे दिसू लागले.

दोन्ही विमानांच्या टाक्यांचा आकार वेगळा आणि टाकीतले संवेदक वेगळे. त्यामुळे ४२ चा दर्शक ७२ च्या टाकीकडे पाहून दोन हजार किलोंहून जास्त इंधन फुगवून सांगू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी, ६ ऑगस्टला, त्याच कॅप्टनने पाहिले की आदल्या दिवशीच्या नोंदीपेक्षा इंधन बरेच जास्त आहे. इंधन कोणी भरले असेल तर पावती हवी. पावती मिळाली नाही, आणि तरीही विमान निघाले. ट्यूनिसहून बारीला पोचले, तिथे दर्शकाच्या भरवशावर थोडेसे इंधन घेतले आणि दुपारी ३४ प्रवासी आणि ५ कर्मचारी घेऊन जेर्बाकडे उडाले. समुद्रावर २३,००० फुटांवर एक इंजिन बंद पडले, थोड्या वेळाने दुसरे. वैमानिक इंजिने पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करत राहिले, कारण समोर १,८०० किलो इंधन दिसत होते. टाक्या कोरड्या होत्या. सिसिलीच्या कापो गाल्लोपासून काही मैलांवर विमान पाण्यावर आपटले, तीन तुकडे झाले. ३९ पैकी १६ जण बुडाले किंवा आघाताने गेले.

२००९ मध्ये पालेर्मोच्या न्यायालयाने सात जणांना शिक्षा सुनावली. दोन्ही वैमानिकांना दहा-दहा वर्षे, बाकीच्यांत कंपनीचे अधिकारी आणि देखभालीतली माणसे. अपिलात काही शिक्षा कमी झाल्या. पावतीशिवाय उडण्याची जबाबदारी वैमानिकांची होती हे मी नाकारत नाही. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दुःखापुढे माझे मत फार छोटे आहे. पण दोन वेगळ्या विमानांच्या दर्शकांना एकच प्लग ठेवला गेला आणि स्टोअरच्या यादीत दोघांना परस्परांच्या जागी चालणारे म्हणून नोंदवले गेले, या दोन गोष्टी त्या रात्रीच्या तंत्रज्ञाच्या कितीतरी आधी, उजेडातल्या कचेऱ्यांत, टेबलाशी बसलेल्या ताज्यातवान्या माणसांनी केल्या होत्या. त्याला जे काम दिले होते त्यात चुकण्याची सोय आधीच करून ठेवलेली होती. म्हणून मला इटलीच्या तपास यंत्रणेची शिफारस न्यायालयाच्या निकालापेक्षा महत्त्वाची वाटते. जगभरच्या एटीआर ७२ वर कोणता दर्शक बसवला आहे ते तातडीने तपासा, आणि एका विमानाचा दर्शक दुसऱ्यात बसणारच नाही असा बदल करण्याचा विचार करा, असे तिने सुचवले. पहिली सूचना अपघातानंतर महिन्याभरातच, सप्टेंबर २००५ मध्ये गेली.

त्या वर्षी आपल्याकडे एअर डेक्कनच्या ताफ्यात एटीआर ४२ आणि एटीआर ७२ दोन्ही होती. आज एटीआर ७२ कोल्हापूरच्या धावपट्टीवर नियमित उतरते.